क्षितिज हरवले तेव्हा

(शास्त्रभाग : नीतिसूत्रे १४:१२, लूक १३:१–५, प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७)



वर दिलेल्या पहिल्या वचनात ज्ञानी पुरुष आपणांस एका मोठ्या फसवणुकीविषयी सावध करितो. काही वाटा अशा असतात की, त्यांवरून चालणाऱ्यास त्या अगदी नीट व निर्धोक वाटतात. पाय कोठे ठेचाळत नाही, मनात शंका उठत नाही. आणि तरीही त्या वाटेचे दुसरे टोक मरणाच्या दारी असते. पुष्कळांस वाटेल की, असे कसे होईल? उतार लागला तर पायांस कळणार नाही काय? गाडी एका अंगास कलली तर गाडीवानास समजत नाही काय? ह्या प्रश्नाचे उत्तर मिळावे म्हणून आज एका विमानाची खरी हकीकत सांगावयाची आहे. आपल्यांपैकी थोडेच विमानात बसले असतील. परंतु ज्या देहाने व ज्या मनाने त्या वैमानिकाची फसगत झाली, तो देह व ते मन आपणां सर्वांस मिळालेले आहे.

अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी ह्यांचा १९६३ साली नोव्हेंबरच्या २२ तारखेस गोळी घालून वध झाला. तीन दिवसांनी त्यांची अंत्ययात्रा निघाली, आणि त्याच दिवशी त्यांच्या मुलास तीन वर्षे पूर्ण झाली. बापाच्या शवपेटीस त्या बाळाने कपाळाशी हात नेऊन केलेला सलाम सर्व जगाने छायाचित्रांत पाहिला. त्या मुलाचे नावही जॉनच होते. पुढे ते वकील झाले, एका मासिकाचे संपादक झाले, आणि १९९८ च्या एप्रिल महिन्यात त्यांस विमान चालविण्याचा परवाना मिळाला.

१९९९ च्या जुलै महिन्याची १६ तारीख, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी हायॅनिस गावी त्यांच्या चुलत बहिणीचे लग्न होते. न्यू जर्सी प्रांतातील एका लहान विमानतळावरून रात्री साडेआठ वाजून गेल्यावर ते आपल्या एका इंजिनाच्या विमानातून निघाले. बरोबर पत्नी कॅरोलिन व मेहुणी अशा दोघी होत्या. मेहुणीस वाटेतील मार्थाज् व्हिनयार्ड नावाच्या बेटावर उतरवून पुढे लग्नघरी जावयाचे, असा बेत होता.

त्या रात्री वादळ नव्हते, पाऊस नव्हता, वीजही चमकत नव्हती. होते ते केवळ उन्हाळ्यातील दमट हवेचे धुरके आणि काळोख. कनेक्टिकट प्रांताच्या किनाऱ्यालगत विमान चालले होते तोपर्यंत गावांचे दिवे सोबतीस होते. पॉइंट जुडिथ नावाच्या भूशिराजवळ किनारा सुटला आणि पुढे तीस मैलांहून अधिक उघडा समुद्र लागला. तेथे वर धुरके, खाली काळे पाणी, आणि दोहोंमधील रेषा पुसून गेलेली. त्याच रात्री दुसरा एक वैमानिक त्या बेटावरून गेला. त्याने खाली पाहिले तो एकही दिवा दिसेना. बेटावरची वीजच गेली असावी, असे त्यास वाटले. दिवे तर जळतच होते. धुरक्याने ते झाकून टाकिले होते.

केनेडी ह्यांचे विमान साडेपाच हजार फूट उंचीवरून खाली उतरू लागले. बेट जवळ येत असता ते एकदा उजवीकडे वळले, थोडे वर चढले, मग डावीकडे वळले, पुन्हा उजवीकडे वळले, आणि मग मिनिटास ४,७०० फुटांहून अधिक वेगाने खाली गेले. किनाऱ्यापासून साडेसात मैलांवर ते समुद्रात पडले. तेव्हा रात्रीचे ९ वाजून ४१ मिनिटे झाली होती. तिघांपैकी कोणीही वाचले नाही. चार दिवस शोध चालला. नंतर सुमारे १२० फूट खोल पाण्यात विमानाचे अवशेष सापडले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने वर्षभर चौकशी करून २००० च्या जुलै महिन्यात आपला निर्णय दिला. यंत्रात बिघाड असल्याचा पुरावा त्यांस मिळाला नाही. समुद्रावर रात्रीच्या वेळी उतरत असता दिशेचा भ्रम होऊन वैमानिकाचा विमानावरील ताबा सुटला, आणि धुरके व अंधार ही त्यास कारण झाली, असे मंडळाने ठरविले. केनेडी ह्यांचे विमान चालविण्याचे एकंदर तास सुमारे ३१० होते. पैकी रात्रीचे ५५. ज्या विमानातून ते निघाले ते त्यांनी सुमारे ३६ तास चालविले होते, आणि त्यांपैकी शिक्षकावाचून केवळ ३ तास. बाहेरचे काहीच दिसत नसता केवळ यंत्रांकडे पाहून विमान चालविण्याचे शिक्षण त्यांनी आरंभिले होते. ते पुरे झाले नव्हते. त्या दिवशी एका शिक्षकाने बरोबर येण्याची तयारी दाखविली होती, परंतु आपण एकट्यानेच जाऊ इच्छितो, असे त्यास उत्तर मिळाले.

येथे थोडे थांबले पाहिजे. अशी वार्ता ऐकिली की, मनुष्याची जीभ लगेच न्यायासनावर बसते. कोणी म्हणतो, श्रीमंतीचा गर्व नडला. कोणी म्हणतो, त्या घराण्यास शापच आहे. आपल्या प्रभूने ह्या बोलण्यास मना केली आहे. यरुशलेमेत शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे दडपून मेली, तेव्हा त्याने लोकांस विचारिले की, नगरातील इतर सर्वांपेक्षा ती अठरा माणसे अधिक अपराधी होती, असे तुम्हांस वाटते काय? आणि स्वतःच नाही म्हणून सांगून त्याने तो प्रश्न ऐकणाऱ्यांकडे वळविला : तुम्ही स्वतः माघारी वळाल की नाही? उपदेशक बंधूंनो, ज्या घरात अपघाताने मृत्यू आला आहे त्या घरी जाल तेव्हा हे स्मरणात असू द्या. मृताच्या पापांचा शोध करणे हे आपले काम नव्हे. शोक करणाऱ्यांजवळ बसावे, आणि परत जाताना आपल्याच पावलांकडे पाहावे.

तर मग आपण आपल्याच पावलांकडे पाहू. मनुष्य सरळ चालला असता त्यास कळते, आणि कलला असता तेही कळते, असे आपण समजतो. हे कशाने कळते? डोळ्यांनी, आणि दुसरे कानांनी. प्रत्येक कानाच्या आत हाडाच्या पोकळीत तीन बारीक वाकलेल्या नळ्या आहेत. त्यांत पाण्यासारखा रस असतो, आणि त्या रसाच्या हालचालीने अति सूक्ष्म केस वाकतात. डोके फिरले की केस वाकतात व मनास वर्दी जाते. देवाने केलेली ही रचना अद्भुत आहे. परंतु ती भूमीवर चालणाऱ्याकरिता आहे. मुली फुगडी घालतात, तेव्हा थांबल्यावरही घर, झाड, अंगण सर्व फिरतच राहिलेले त्यांस दिसते. देह थांबला तरी कानातील रस थांबलेला नसतो, म्हणून असे होते. ह्याच्या उलटही घडते. विमान अगदी हळूहळू एका बाजूस वळू लागले आणि तसेच वळत राहिले, तर काही क्षणांत तो रसही त्याच गतीने फिरू लागतो; केस पुन्हा उभे राहतात; आणि वैमानिकास खात्रीने वाटते की, मी अगदी सरळ चाललो आहे.

दिवस असेल तर डोळे त्यास सावध करितात. क्षितिजाची रेषा तिरपी दिसली की तो विमान सावरतो. पण क्षितिज हरवले असेल तर? तेव्हा कललेले विमान उंची सोडू लागते. आपण खाली चाललो, हे वैमानिकास कळते. पण आपण कललो आहो, हे त्यास ठाऊक नसते. म्हणून तो वर चढण्यासाठी विमानाचे नाक जोराने वर ओढतो. कललेल्या विमानात ह्या ओढण्याने चढ होत नाही. वळण मात्र अधिक आवळत जाते, आणि विमान पाण्याच्या भोवऱ्यात सापडलेल्या पानासारखे खाली फिरत जाते. जिवाच्या आकांताने केलेला बचावाचा यत्नच नाश जवळ आणितो. ह्याहून भयंकर गोष्ट ही की, कोणी त्या वैमानिकाचे विमान खरोखर सरळ करून दिले, तर त्यास वाटते की आता मी उलट बाजूस कललो. आणि तो आपल्या हाताने विमान पुन्हा पूर्वीच्या वाकड्या स्थितीत नेतो. सरळपण त्यास वाकडे वाटते व वाकडेपण सरळ.

बंधुभगिनींनो, ह्यापासून आपण तीन गोष्टी शिकू या.

पहिली ही की, आपल्यास बरे वाटते एवढ्यावरून आपण बरे आहो असे ठरत नाही. मोठा धक्का बसला तर मनुष्य जागा होतो. परंतु हळूहळू येणारा कल त्यास जाणवत नाही. एखादा सज्जन शेतकरी मुलीच्या लग्नासाठी थोडे कर्ज काढितो. ते फेडता येईना म्हणून दुसऱ्याकडून घेतो; व्याज भरण्यास तिसऱ्याकडून घेतो. प्रत्येक वेळी तो म्हणतो की, मी घर सावरण्यासाठीच हे करितो. तो नाक वर ओढीत असतो, आणि वळण आवळत जाते. अथवा एखाद्या उपदेशकाजवळ मंडळीच्या वर्गणीचे पैसे असतात. घरी आजार आला, म्हणून तो त्यांतून दहा रुपये घेतो. पुढल्या महिन्यात परत ठेवीन म्हणतो. ते ठेविता आले नाहीत म्हणून वहीत एक आकडा बदलतो. तो आकडा जुळावा म्हणून दुसरा बदलतो. त्यास विचारा, तर तो शपथेवर सांगेल की मी चोर नव्हे. तो खोटे बोलत नसतो. त्यास खरोखरच तसे वाटत असते. क्षितिज दिसेनासे झाले आहे, आणि कानातील रस स्थिर झाला आहे.

दुसरी गोष्ट ही की, आपल्या जाणिवेबाहेरचे माप आपणांजवळ असले पाहिजे, आणि ते वाचण्याची सवयही असली पाहिजे. विमानात वैमानिकासमोर एक यंत्र असते, त्यास कृत्रिम क्षितिज म्हणतात. जुन्या धाटणीच्या यंत्रात आत एक चाक अतिशय वेगाने फिरत असते. मुलांचा भोवरा वेगात असतो तोवर आपल्या आरीवर ताठ उभा राहतो, हे आपण पाहतोच. तसेच ते चाकही आपली दिशा सोडीत नाही, विमान कसेही कलो. फिरणाऱ्या मनुष्यास भोवळ येते, पण फिरणारा भोवरा ताठच राहतो. १९२९ च्या सप्टेंबर महिन्याच्या २४ तारखेस जेम्स डूलिटल नावाच्या अमेरिकन लष्करी वैमानिकाने आपल्या बसण्याच्या जागेवर पूर्ण आच्छादन घालून, बाहेरचे काहीही न पाहता, केवळ अशा यंत्रांच्या भरवशावर विमान वर नेले, फिरविले व पुन्हा जमिनीवर उतरविले. तो त्या काळच्या अति कुशल वैमानिकांपैकी होता. तरी त्या दिवशी संकट आल्यास विमान हाती घेण्यासाठी दुसरा वैमानिक त्याच्याबरोबर होता. ह्यात डूलिटलची अप्रतिष्ठा झाली, असे कोणी म्हटले नाही.

परंतु यंत्र समोर असणे निराळे आणि त्यावर विश्वास ठेविणे निराळे. ज्याचे सर्व शरीर ओरडून सांगत आहे की मी सरळ आहे, त्याने एका काट्याचे ऐकून म्हणावे की मी वाकडा आहे, हे एका घटकेत येत नाही. स्वच्छ आकाशात, काही गरज नसता, पुनःपुन्हा केलेल्या अभ्यासानेच ते साधते. देवाचे वचनही असेच आहे. फडताळात गुंडाळून ठेविलेले शास्त्र धुरक्याच्या रात्री उघडले, तर त्याची अक्षरे दिसतील, पण मन त्याचे ऐकणार नाही. ते आपल्याच जाणिवेची बाजू घेईल. ज्याने सुखाच्या दिवसांत, पेरणी नीट झाली असता व घरी सर्व कुशल असता, नित्य त्या मापाने स्वतःस मोजिले आहे, त्यासच संकटात ते माप मान्य करिता येते. आणि त्याबरोबर एक सोबती असावा. जो आपली वही पाहील व आकडा चुकला असे तोंडावर सांगेल, असा एक भाऊ प्रत्येक उपदेशकास असावा. जिच्यापाशी मन मोकळे करिता येईल अशी एक वडीलधारी बाई प्रत्येक सुनेस असावी.

पौलाच्या तारवाची कथा येथे आठवा. नांगर उचलू नये, असे पौलाने सांगितले होते. शताधिपतीने तांडेलाचे व तारवाच्या धन्याचे ऐकिले, आणि मंद दक्षिण वारा सुटताच आपला हेतू सिद्धीस गेला असे सर्वांस वाटले. मग तुफान उठले. पुष्कळ दिवस सूर्य दिसला नाही, तारेही दिसले नाहीत. चौदाव्या रात्री खलाशांस जमीन जवळ आल्याचा भास झाला. तेव्हा त्यांनी काय केले? भासावर विसंबून ते पुढे गेले नाहीत. त्यांनी दोरी सोडून पाण्याची खोली मोजिली : वीस वाव. थोड्या अंतराने पुन्हा मोजिली : पंधरा वाव. मग खडकांच्या भीतीने त्यांनी वरामाकडून चार नांगर टाकिले आणि उजाडण्याची वाट पाहिली. पुढे तारू फुटले, माल गेला. परंतु तारवातील दोनशे शहात्तर जीव सर्वच्या सर्व वाचले.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी आहे, आणि ती आशेची आहे. १९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विश्वविद्यालयात एक प्रयोग झाला. ज्यांस यंत्रांवरून विमान चालविण्याचे शिक्षण नव्हते असे वीस वैमानिक घेण्यात आले, व शिक्षक जवळ बसवून, त्यांस बाहेरचे काही दिसणार नाही अशी योजना केली. विसांपैकी प्रत्येकाचा ताबा सुटला. कोणी २० सेकंद टिकला, कोणी फार तर ४८० सेकंद. सरासरी १७८ सेकंद, म्हणजे पुरती तीन मिनिटेही नव्हेत. शिक्षक नसता तर त्या विसांपैकी एकही जिवंत परतला नसता.

परंतु प्रयोग एवढ्यावर संपला नाही. त्याच मनुष्यांस मग एक साधी युक्ती शिकविण्यात आली. ढगात सापडताच पुढे जाण्याचा हट्ट सोडावा; वेग कमी करावा; ज्या चाकाने विमान कलते त्या चाकावरील हात काढून घ्यावे; आणि वळण दाखविणाऱ्या काट्याकडे पाहून पायांनी हळूहळू अर्धे वर्तुळ वळून, ज्या स्वच्छ आकाशातून आलो तिकडेच परत जावे. हे शिकविल्यावर शेवटी ६० वेळा परीक्षा घेतली. त्यांपैकी ५९ वेळा ते सुखरूप बाहेर आले. तीच माणसे, तेच विमान, तेच आंधळेपण. त्यांस नवे डोळे मिळाले नव्हते. आपल्या हातांचा भरवसा सोडून माघारी वळणे एवढेच ती शिकली होती.

पश्चात्ताप म्हणजे काय, असे मंडळीतील पुष्कळ विचारितात, आणि रडणे, उर बडवणे म्हणजे पश्चात्ताप असे समजतात. रडणाऱ्याचे विमान रडत रडतही खालीच जाते. जुन्या करारातील संदेष्टे जो शब्द वापरितात त्याचा मूळ अर्थच वळणे, परत फिरणे असा आहे. दूर देशी गेलेला धाकटा मुलगा डुकरांच्या शेंगांकडे पाहत असता शुद्धीवर आला, उठला, आणि ज्या वाटेने आला होता त्याच वाटेने परत निघाला. घरी पोहोचल्यावर काय बोलावे एवढेच त्याने योजिले होते. पुढचे सर्व बापाने केले. माघारी वळण्यात लाज आहे, हे खरे. लग्नघरी उशीर होईल, लोक हसतील, खर्च वाया जाईल. वैमानिकासही हीच लाज आडवी येते, आणि ती जितकी लौकर गिळावी तितकी स्वस्त पडते. किनारा सुटण्यापूर्वी वळणाऱ्यास एक रात्र गमवावी लागते, इतकेच.

म्हणून, प्रियजनहो, ज्याच्या घरी कर्जाचे वळण आवळत आहे त्याने आणखी एक सही करण्यापूर्वी मंडळीच्या वडिलांपाशी जाऊन सर्व हिशेब उघडा करावा. ज्या उपदेशकाच्या वहीत एक आकडा खोटा आहे त्याने येत्या रविवारची उपासना चालविण्यापूर्वी तो आकडा पंचांस दाखवावा. ज्याचे भावाशी बांधावरून बोलणे बंद आहे, आणि आपलीच बाजू खरी असे ज्यास अगदी सरळ वाटते, त्याने आपल्या वाटण्यास एकदा शास्त्राचे माप लावून पाहावे. आणि वडील व पंच हो, असा कोणी वळून आलाच, तर त्यास हसू नका व त्याची गोष्ट गावभर करू नका. उतरण्यास जागा आहे, असे त्यास दिसू द्या. नाहीतर पुढला मनुष्य वळणारच नाही.

हे प्रभू, अंधारात आमची जाणीव आम्हांस फसविते. तुझ्या वचनाचे माप आम्हांस खरे मानू दे, सोबत्याचा बोल ऐकण्याची नम्रता दे, आणि अजून किनारा दिसत आहे तोच माघारी वळण्याचे धैर्य दे. ज्या घरांतील माणसे समुद्रावर, रस्त्यावर व आकाशात अकस्मात गेली त्या घरांजवळ तू राहा. आमेन.